हॅलोमावशी आणि समोरचं हॉटेल

दारावरची घंटा वाजली की लोक आतून विचारतात, "कोण आहे?" मावशी मात्र विचारत, "हॅलो?" एका विमा कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांचा उभा जन्म गेला होता, त्यामुळे दार आणि टेलिफोन यांत त्यांना फारसा फरक करता येत नसे. इमारतीतल्या पोरांनी एकदा ते ऐकलं आणि तेव्हापासून त्या हॅलोमावशी झाल्या. पुढे मोठी माणसंही तसंच म्हणू लागली. त्यांच्या यजमानांना तर त्याआधीच सगळे तिकीटकाका म्हणत, कारण ते बसचे कंडक्टर होते आणि निवृत्त झाल्यावरही कुठलं अंतर विचारलं तर स्टॉपमध्येच सांगत.

बोर्डावर बसून मावशींनी कंपनीतल्या शेकडो माणसांना एकमेकांशी जोडून दिलं, पण त्यातल्या निम्म्यांचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. चेहऱ्यांशी त्यांना कर्तव्यच नव्हतं. कोणाला सर्दी झाली आहे, कोणाचं घरी बिनसलं आहे, कोण साहेबांच्या खोलीत उभा राहून बोलतो आहे आणि कोण स्वतःच्या टेबलावर पाय टाकून, हे त्यांना आवाजावरून कळे. निरोपसमारंभाला एक साहेब मुद्दाम वरच्या मजल्यावरून त्यांना पाहायला खाली उतरले. पाहिल्यावर जरा गोंधळलेच.

"मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल," ते म्हणाले.

"आवाज उंचावरून येत होता ना," मावशी म्हणाल्या, "तो बोर्डच होता उंच."

निवृत्तीनंतर घर फार शांत वाटू लागलं. मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली. तिकीटकाका दुपारी खिडकीपाशी खुर्ची टाकत आणि रस्त्यावरच्या बस मोजता मोजता झोपून जात. अशा वेळी जावई चार दिवस राहायला आला आणि येताना आपला जुना कंप्युटर घेऊन आला. जाण्याआधी त्यानं सासूबाईंना एक गंमत शिकवून ठेवली. ती गंमत म्हणजे हॉटेलच्या खोल्यांवर झाकून बोली लावण्याची साइट.

ती साइट अशी होती: तुम्ही शहराचा भाग सांगायचा, किती तारांकित हॉटेल हवं ते सांगायचं आणि आपण किती देऊ तो आकडा लिहायचा. हॉटेलचं नाव मात्र तुम्हाला दिसत नाही. तुमचा आकडा कुठल्या हॉटेलानं मान्य केला तर कार्डावरचे पैसे त्याच क्षणी कापले जातात आणि मगच नाव उघडतं. आवडलं नाही तरी बदल नाही की परतावा नाही. आकडा नामंजूर झाला, तर त्या दिवसापुरती तुमची बोली संपली. त्यातही एक पळवाट होती. बोलीत आणखी एखादा भाग जोडला, तर साइट ती नवीन बोली समजे आणि पुन्हा आकडा लावू देई. म्हणून जाणकार लोक असा भाग जोडत, जिथे त्या दर्जाचं हॉटेल मुळी नाहीच. म्हणजे बोलीही नवीन आणि खोलीही हव्या त्याच भागात. ही पळवाटसुद्धा जावयानंच शिकवली.

"अहो, हे तर आमच्या बोर्डासारखंच आहे!" मावशी तिकीटकाकांना म्हणाल्या. "समोरचा दिसत नाही. नुसत्या अंदाजानं ओळखायचं."

"आणि नाही ओळखता आलं तर?"

"राँग नंबर."

हळूहळू इमारतीत बातमी पसरली. औषधांच्या दुकानवाल्यानं लग्नानंतरच्या सहलीची खोली मावशींकडून लावून घेतली. वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई शिष्यांना घेऊन स्पर्धेला निघाल्या, त्याही आल्या. मावशींची पद्धत ठरलेली होती. आधी त्या भागातल्या हॉटेलांचे नंबर शोधायचे. मग चष्मा कपाळावर चढवून, घशाशी थोडा खाकरून, एकेका हॉटेलला फोन लावायचा. "हॅलो, जरा माहिती हवी होती." लिफ्ट आहे का, खिडकी कुठे उघडते, आसपास नवीन हॉटेल झालं आहे का. उत्तर देणाऱ्याचे शब्द त्या ऐकतच, पण त्याहून जास्त त्याच्या मागचे आवाज ऐकत. भांडी आदळत असतील तर स्वयंपाकघर काउंटरला लागून आहे, असं त्या सांगत आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. गाण्याच्या बाईंच्या वेळी मात्र अंदाज चुकला आणि खोली नेमकी नाचाच्या हॉलच्या वर मिळाली.

"आवाजाचं काही नाही हो," परत आल्यावर बाई म्हणाल्या, "पण रात्रभर ताल चुकत होता, म्हणून झोप लागली नाही."

एवढ्या सगळ्यात मावशींचे दिवस मजेत चालले होते, पण मनात एक गोष्ट खोल रुतून बसलेली होती. दोन वर्षांपूर्वी मुलीचं पहिलं बाळ गेलं होतं. अचानक त्रास सुरू झाला, दवाखान्यात नेलं आणि मावशी पोचल्या तोवर सगळं होऊन गेलेलं. मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या वेळी मावशी, तिकीटकाका आणि जावयाचे आईवडील, सगळेच दवाखान्याच्या फाटकासमोरच्या हॉटेलात उतरले होते. खोलीचं भाडं अवाच्या सवा होतं, पण तेव्हा भाड्याकडे पाहायचं भान कोणाला होतं?

आता पुन्हा दिवस गेले होते. आठवा सरता सरता डॉक्टरांनी मुलीला दवाखान्यातच झोपवून ठेवलं. बाळंतपण होईपर्यंत उठायचं नाही, असं सांगितलं. त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

"आई, एकच सांगते. मला आत नेतील ना, तेव्हा दारात तू हवीस. बाकी मला काही नको."

"असेन," मावशी म्हणाल्या.

"नक्की?"

"असेन म्हणाले ना. फोन ठेव आणि झोप."

फोन ठेवला आणि त्या हिशोब करू लागल्या. मुलीच्या घरी एकच खोली आणि स्वयंपाकघर. तिथे दोन्हीकडची म्हातारी माणसं कुठे मावणार? हॉटेलच बघायला हवं होतं, तेही दवाखान्याला लागून, आणि किती दिवसांसाठी ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. विहीणबाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली तरी आवाजातली शाळा सुटली नव्हती. व्याही पाणीपुरवठा खात्यातले इंजिनिअर, मितभाषी. दोघी विहिणींचं कधी भांडण झालं नव्हतं. त्या एकमेकींशी इतक्या गोड बोलत, की बोलून झाल्यावर दोघींनाही दमायला होई.

"आम्ही पुढच्या सोमवारी निघतोय," विहीणबाई म्हणाल्या. "तुमचं काय ठरलं?"

"आम्हीही सोमवारीच."

"वा! आणि उतरणार कुठे? आम्ही आपले समोरच्याच हॉटेलात. ह्यांना म्हटलं, अशा वेळी काटकसर बघायची नसते."

मावशींना ते वाक्य झोंबलं. विहीणबाईंना कदाचित काहीच सुचवायचं नसेल, पण मुख्याध्यापिकेच्या तोंडून निघालेलं साधं वाक्यही तपासलेल्या वहीसारखं अंगावर येतं.

"हो ना," मावशी पटकन म्हणाल्या. "आमचंही तिथलंच झालंय."

झालं काहीच नव्हतं.

तिकीटकाका खिडकीतून वळून पाहत होते. "कधी झालं?"

"आत्ता होईल," म्हणत मावशी कंप्युटरपाशी बसल्या.

दवाखान्याच्या भागात त्या दर्जाचं एकच हॉटेल होतं, ते समोरचं. म्हणजे झाकलेली बोली लावली तरी उघडणार तेच. मावशींनी आकडा लावला. नामंजूर. त्यांनी पळवाट काढली. दवाखान्याच्या भागाला रेल्वेरुळांपलीकडचा भाग जोडला. तिथे काय होतं? जुनी गोदामं. दोन वर्षांपूर्वी समोरच्या हॉटेलच्या खिडकीत उभं राहून त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, लाल विटांची, पत्र्याच्या छपरांची. त्या भागात हॉटेल असणं शक्यच नव्हतं. एरवी मावशींनी तरीही फोन फिरवून चौकशी केली असती. पण डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची फोनवर काय चौकशी करायची? आयुष्यभर कानांवर विसंबलेल्या बाईनं एकदाच डोळ्यांवर विश्वास टाकला आणि आकडा थोडा वाढवून बटण दाबलं.

मंजूर! नाव उघडलं. त्या नावाचं हॉटेल त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. नावाखाली चित्र होतं: लाल विटांची एक लांबलचक इमारत, खिडक्यांना नवे पांढरे पडदे.

"काय झालं?" तिकीटकाकांनी विचारलं.

"गोदामात खोली मिळाली."

तिकीटकाका उठून आले, चित्र पाहिलं, पत्ता पाहिला. "रुळापलीकडे. म्हणजे तीन स्टॉप."

"माहीत आहे मला."

"मध्ये रेल्वेचं फाटक."

"तेही माहीत आहे."

"मी आपलं सांगितलं."

महिनाभराच्या मुक्कामाचे सगळे पैसे कापले गेले होते. आता समोरच्या हॉटेलात पुन्हा पूर्ण भाड्यानं खोली घ्यायची त्यांची ऐपत नव्हती आणि विहीणबाईंना फोन करून "चुकलं" म्हणायची छाती होत नव्हती.

गोदामाचं हॉटेल तसं वाईट निघालं नाही. भिंती जाड, गादी चांगली, न्हाणीघरात गरम पाणी भरपूर. पण मावशींचा जीव तिथे लागेना. रोज त्या पहिली बस पकडत, समोरच्या हॉटेलात बाजूच्या दारानं शिरत आणि तळमजल्यावरच्या बैठकीत, माशांच्या काचपेटीशेजारच्या कोचावर, जणू आत्ताच वरून उतरून आल्यासारख्या बसत. तिकीटकाका शेजारी वर्तमानपत्र धरून. थोड्या वेळानं विहीणबाई आणि व्याही येत. दोघेही ताजेतवाने, पण मावशींनी नीट पाहिलं असतं, तर व्याह्यांच्या बुटांना सकाळी सकाळीच लागलेली धूळ दिसली असती. पण मावशींना स्वतःचंच खोटं सांभाळायचं होतं, दुसऱ्याच्या बुटांकडे कोण बघतो?

"झोप लागली का?" विहीणबाई विचारत.

"छान! अगदी शांत खोली आहे. तुमची?"

"आमचीही शांत. कितव्या मजल्यावर तुम्ही?"

"वरच्या."

"आम्हीसुद्धा वरच."

"खिडकीतून काय दिसतं तुम्हाला?" तिकीटकाकांनी एकदा व्याह्यांना विचारलं.

व्याही दचकले. "आकाश," ते म्हणाले.

काउंटरवरचा टक्कल पडलेला माणूस दोन दिवसांनी त्यांना ओळखू लागला. चौघांसाठी चहा सांगू लागला. वर्तमानपत्राचं आतलं पान तिकीटकाकांसाठी वेगळं काढून ठेवू लागला. मावशी त्याच्याशी फार गोड बोलत आणि त्याच्याकडे पाहणं टाळत.

मुलगी मात्र खूश होती. खाटेवर पडल्या पडल्या खिडकीतून तिला समोरच्या हॉटेलची पाटी दिसे. "रात्री जाग आली की मी ती पाटी बघते," ती एकदा म्हणाली. "म्हटलं, आई तिथेच आहे, दोन मिनिटांत येईल. मग झोप लागते मला."

मावशींनी तिची उशी नीट केली. आपलं तोंड दिसू नये म्हणून जरा जास्तच वेळ नीट केली. त्या दिवसापासून खरं सांगायचा मार्गच बंद झाला. खोटं विहीणबाईंसाठी बोललं गेलं होतं आणि त्याच्या आधारानं झोपत होती मुलगी.

दुपारी जेवणानंतर भेटायची वेळ संपे. सिस्टर सगळ्यांना बाहेर काढत. मग दोघी विहिणी रस्ता ओलांडून हॉटेलात येत. "जरा वर जाऊन पडते," म्हणून एक जण लिफ्टकडे जाई, दुसरी जिन्याकडे. मावशी जिन्याच्या वळणावर थांबत, खाली सामसूम झाली की बाजूच्या दारानं बाहेर पडत आणि बस पकडत. बैठकीतच बसून राहिल्या असत्या, पण तिकीटकाकांचे पाय दिवसभर सुजत. त्यांना दुपारी आडवं व्हायलाच लागे.

दुसऱ्या आठवड्यात अशाच एका दुपारी मावशी खोलीत गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसल्या होत्या. मोबाइल वाजला.

"हॅलो?"

"आई, लगेच या," जावई म्हणाला. त्याचा आवाज ऐकूनच मावशींनी पाय बादलीतून बाहेर काढले. "हिला आत नेण्याची तयारी चाललीये. एकदम सुरू झालं. ती तुम्हाला विचारतेय. तुम्ही समोरच आहात ते बरं आहे."

"निघाले," मावशी म्हणाल्या.

ओल्या पायांतच त्यांनी चपला घातल्या. तिकीटकाकांना हलवून उठवलं. दोघं लिफ्टपाशी आली. बटण दाबलं. लिफ्ट वरून उतरत होती. दार उघडलं.

आत विहीणबाई उभ्या होत्या. अर्धे केस बांधलेले, अर्धे मोकळे, दातांत केसांच्या पिना. शेजारी वाकून व्याही एका बुटाची नाडी बांधत होते.

विहीणबाईंच्या तोंडात पिना होत्या, त्यांना न बोलायला तरी सबब होती. मावशींना तीही नव्हती. लिफ्टचं दार पुन्हा मिटायला लागलं, तेव्हा तिकीटकाकांनी हात मध्ये घातला आणि सवयीनं म्हणाले, "पुढे सरका, पुढे सरका, आत जागा आहे."

चौघं खाली उतरली. दारात एक टॅक्सी मिळाली. व्याही पुढे बसले, बाकी तिघं मागे. मग विहीणबाईंनी पिना हातात घेतल्या.

"साइटवरून?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हीही?"

"आमच्या चिरंजीवांनीच शिकवली."

"मलाही त्यानंच."

"आणि मग तो दुसरा भाग जोडायचा..."

"...जिथे हॉटेलच नाही," मावशींनी वाक्य पुरं केलं.

"मी शपथेवर सांगते, तिथे गोदामं होती!" विहीणबाई म्हणाल्या. "मी स्वतः पाहिली होती."

"मीसुद्धा."

"मग रोज सकाळी त्या बैठकीत..."

"मला वाटायचं तुम्ही लिफ्टमधून येता."

"मी प्रसाधनगृहातून येत होते हो! टॅक्सी मागच्या धुळकट गल्लीत सोडून चालत यायचं, आधी तिकडे जायचं, तोंडावर पाणी मारायचं आणि मग ऐटीत बाहेर."

पुढे बसलेल्या व्याह्यांच्या खांद्यांकडे पाहून ते हसत आहेत हे कळत होतं. मावशींनाही हसू येऊ लागलं होतं, पण तेवढ्यात टॅक्सी थांबली. रेल्वेचं फाटक पडलं होतं. समोरून मालगाडी येत होती, इतक्या संथपणे, की जणू तिला कुठे पोचायचंच नव्हतं.

मावशी खिडकीतून बाहेर वाकल्या. फाटकापलीकडे, झाडांच्या वर, दवाखान्याचा वरचा मजला दिसत होता. दिसत होता, हेच जास्त वाईट होतं.

"पूल आहे," तिकीटकाका म्हणाले. "तो बघा, पादचाऱ्यांचा. पुलावरून उतरलात की मागचं दार जवळ पडतं. तुम्ही बायका व्हा पुढे. फाटक उघडलं की आम्ही टॅक्सीतून येतो."

दोघी उतरल्या. पुलाला लोखंडी जिना होता, उभा आणि अरुंद. मावशी पुढे, विहीणबाई मागे. निम्म्यात विहीणबाईंचा गुडघा धरला. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मावशी वळल्या आणि चार पायऱ्या परत उतरल्या.

"उतरताय काय?" विहीणबाई ओरडल्या. हा आवाज शाळेच्या पटांगणातला होता. "वर चढा! तिला तुम्ही हव्या आहात, मी नाही."

"पण तुम्ही अशा..."

"माझा गुडघा माझ्याबरोबर येईल सावकाश. जा म्हणते ना!"

मावशी गेल्या. पुलाखालून मालगाडी खडखडत होती आणि त्या सगळ्या आवाजात त्यांना फक्त स्वतःच्या ओल्या चपलांचा आवाज ऐकू येत होता. पूल उतरल्या. मागच्या दारातल्या पहारेकऱ्यानं अडवायला हात उचलला आणि त्यांचा चेहरा पाहून खाली घेतला. जिना, लांब मार्गिका, डावीकडे वळण. वळणावर त्यांना चाकांची करकर ऐकू आली. ढकलगाडी निघाली होती.

मुलीचं डोकं दाराकडे वळलेलं होतं. कपाळावर घाम, ओठ चावलेले. आईला पाहिलं आणि तिनं हात पुढे केला. मावशींनी तो दोन्ही हातांत धरला. बोलण्याइतका श्वास त्यांच्याकडे शिल्लक नव्हता.

"आलीस," मुलगी म्हणाली. "समोरच होतीस म्हणून बरं झालं."

मावशींनी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून धापा टाकत, लंगडत, केस अर्धे मोकळे सोडलेल्या विहीणबाई येऊन पोचल्या.

"मग!" त्या म्हणाल्या. "रस्ताच तर ओलांडायचा होता. घाबरू नकोस बाळा. दोघीही आहोत आम्ही दारात. जा, आणि लवकर ये."

दार मिटलं.

त्या दारापुढे एक बाक होता. दोघी त्यावर बसल्या. थोड्या वेळानं दोघे पुरुषही आले. जावई भिंतीला टेकून उभा होता, त्याच्याकडे पाहवत नव्हतं. विहीणबाई काही बोलू लागल्या तेव्हा मावशींनी हळूच त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं. त्या ऐकत होत्या. दारामागे पावलं वाजत होती, घाईची, पण धावपळीची नव्हेत. सिस्टर काहीतरी मागत होती आणि तिचा आवाज रोजच्यासारखाच, थोडा कंटाळलेला होता. डॉक्टर एका ठिकाणी चक्क हसल्या. मावशींनी डोळे मिटून घेतले. कंटाळलेला आवाज हा जगातला सगळ्यात चांगला आवाज असतो, हे त्यांना बोर्डावर असल्यापासून माहीत होतं. खरं संकट आलं की माणसं कंटाळून बोलत नाहीत.

"कसं चाललंय?" विहीणबाईंनी कुजबुजत विचारलं, जणू मावशींना भिंतीपलीकडचं दिसत होतं.

"ठीक चाललंय," मावशी म्हणाल्या.

आणि मग आतून रडण्याचा आवाज आला. आधी एक बारीक, चिडका सूर, मग थोडा थांबून पूर्ण गळा काढून रडणं. जावई भिंतीला टेकूनच खाली बसला. व्याह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पुसला. मावशींचा दोन वर्षं टांगणीला लागलेला जीव त्या वेळी खऱ्या अर्थानं भांड्यात पडला. त्यांनी विहीणबाईंचा हात घट्ट धरला होता, हे त्यांच्या खूप वेळानं लक्षात आलं. पिना अजून त्या हातातच होत्या आणि दोघींच्या तळव्यांना टोचत होत्या.

सिस्टर गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आली. "मुलगी. दोघी छान आहेत. आधी कोण घेणार?"

विहीणबाईंनी मावशींना कोपरानं ढोसलं. मावशींनी हात पुढे केले. बाळानं एक डोळा किलकिला केला.

"हॅलो?" मावशी म्हणाल्या.

तिकीटकाका इतके हसले, की सिस्टरनं त्यांना दटावलं.

संध्याकाळी मुलीला झोप लागल्यावर दोन्ही जोडपी सवयीनं समोरच्या हॉटेलच्या बैठकीत येऊन बसली. चहा आला. काउंटरवरचा टकलू माणूस स्वतः बाहेर येऊन म्हणाला, "अभिनंदन! दवाखान्यातल्या पोऱ्यानं सांगितलं."

मावशींना राहवेना. आज त्यांना कुणालाच फसवायचं नव्हतं. "हे बघा, तुम्हाला एक सांगायचं होतं. आम्ही खरं तर..."

"इथे राहत नाही," तो म्हणाला. "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?" विहीणबाईंनी विचारलं.

"पहिल्या दोन-चार दिवसांतच कळलं. तुमच्यापैकी कोणी किल्लीच मागितली नाही कधी."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी वाटलं बोलावं. मग बघितलं, रोज सकाळी तुम्ही इथून उठून दवाखान्यात जाता. म्हटलं, बसू दे. कोच रिकामाच असतो. फक्त एक कळेना," तो डोकं खाजवत म्हणाला, "तुम्ही दोघी एकमेकींपासून काय लपवत होतात?"

त्यावर विहीणबाई अशा हसल्या, की मुख्याध्यापिका बाजूला राहिल्या. हसता हसताच त्या म्हणाल्या, "विहिणी आहोत हो आम्ही, दुसरं काय!"

मुलीला त्यांनी दोन दिवसांनी सांगितलं. मावशींनी सुरुवात केली, लिफ्टपर्यंत आल्या आणि पुढचं विहीणबाईंनी नक्कल करून दाखवलं, पिना दातांत धरून. मुलगी पोट धरून हसली. "नका, नका, टाके दुखतायत," म्हणाली. मग तिनं खिडकीकडे पाहिलं. "म्हणजे त्या पाटीकडे बघून मी उगीचच झोपत होते?"

"उगीच कशी?" मावशी म्हणाल्या. "आले ना मी?"

मुलीनं विचार केला. "आलीस," ती म्हणाली आणि बाळाला कुशीत ओढून डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी मावशींनी पहिली बस पकडली नाही. ऊन खिडकीत येईपर्यंत त्या झोपल्या. उठून सावकाश तयार झाल्या आणि गोदामाच्या हॉटेलच्या जेवणघरात उतरल्या. इतक्या दिवसांत सकाळी त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. उंच छत, लांब टेबलं, गरम पावाचा वास. कोपऱ्यातल्या टेबलावर विहीणबाई आणि व्याही बसले होते, दोन खुर्च्या राखून.

"या," विहीणबाई म्हणाल्या. "झोप लागली का?"

"छान," मावशी म्हणाल्या. "अगदी शांत खोली आहे."

आणि या वेळी ते खरं होतं.